साडीने मोजलेलं घर



दिवाळी आली की आपल्याकडची पोरं अंगणात किल्ला बांधतात. दगड, विटा, माती, जुनं पोतं. वर बालेकिल्ला, कडेने तटबंदी, पायथ्याला छोटं गाव, त्यात विहीर आणि हिरवळीसाठी पेरलेली मोहरी. कुणी शिकवत नाही, तरी बांधताना पोरांची चर्चा चालूच असते. दरवाजा इथं नको, शत्रू आत येईल. टाकं वर पाहिजे, नाहीतर मावळे पाणी कुठून पितील? मातीत हात घातला की डोकंही चालायला लागतं.

पोरांचा किल्ला हा होऊन गेलेल्या काळाचा. आज मी सांगणार आहे ती गोष्ट उद्याच्या किल्ल्याची आहे. अजून न झालेलं घर, अजून न झालेली वस्ती आणि अजून न झालेलं शहर लोकांनी आधी हाताने बांधून बघितलं, त्याचा हा इतिहास. शहराचा आपल्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत ऐका, संबंध आपोआप लागेल.

पहिली गोष्ट इंदूरची. होळकरांचं इंदूर, म्हणजे अहिल्याबाईंच्या घराण्याचं. साधारण शंभर वर्षांपूर्वी, 1917 च्या सुमारास तिथं प्लेगची दहशत होती. दरबारने शहर सुधारण्यासाठी पॅट्रिक गेडीज नावाच्या स्कॉटलंडच्या माणसाला बोलावलं. हा मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पण शहरंसुद्धा झाडासारखी जिवंत असतात असं मानणारा. 1914 साली तो भारतात आला. शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन त्याने बरोबर आणायचं ठरवलं होतं. ते सामान ज्या जहाजात होतं, ते जहाज एम्डेन नावाच्या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. गड्याने हार मानली नाही. पुन्हा साहित्य जमवलं आणि 1915 साली मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढे 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विषय सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापकही हाच.

इंदुरात गेडीज गल्लीबोळातून हिंडायला लागला, तेव्हा लोक त्याला घाबरायचे. साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घरं पाडणार, हे लोकांना अनुभवाने माहीत होतं. खरं तर त्याचं म्हणणं उलटं होतं. वस्ती उभी चिरून रुंद रस्ता काढण्यापेक्षा दोन पडकी घरं उतरवा, तिथं मोकळा चौक करा, झाड लावा, विहीर साफ करा, असं तो सांगायचा. पण हे लोकांना कळणार कसं? इंग्रजी अहवाल वाचणार कोण?

मग त्याने एक युक्ती केली. महाराज तुकोजीरावांकडे त्याने एका दिवसाचा कारभार मागितला आणि दिवाळीला मोठी मिरवणूक जाहीर केली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती. जे रस्ते आणि जी घरं सगळ्यात स्वच्छ, तिथून ती जाणार होती. झालं! दारात मिरवणूक यावी म्हणून गल्ल्यागल्ल्यांत झाडलोट, सारवण, डागडुजी सुरू झाली. गाड्या भरभरून कचरा निघाला.

मिरवणुकीत हत्ती होते, वाजंत्री होती. रोगराईची सोंगं होती, त्यात प्लेगचा एक भलामोठा उंदीर. मागून लक्ष्मी आली. तिच्या मागे आली उद्याच्या इंदूरची रूपं. पुढे शहरात वाचनालय, संग्रहालय, नाट्यगृह व्हायचं होतं, त्यांच्या प्रतिकृती लोकांनी डोळ्यांनी बघितल्या. सफाई कामगार पांढरे स्वच्छ कपडे घालून चालत होते आणि त्यांच्या झाडूंना फुलांच्या माळा होत्या. नकाशावरचं शहर त्या दिवशी लोकांच्या दारावरून गेलं.

ही गोष्ट मला आवडते, पण तिच्यात एक उणीव आहे. प्रतिकृती केल्या साहेबाने. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. झाडूला हार पडला, तो एक दिवसाचा. पुढच्या वर्षी, 1918 साली, गेडीजचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल छापून आला, त्याचं जगभर नाव झालं. पण झाडू मारणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही की बाई, तुझं घर कसं असावं? तो प्रश्न विचारला जायला आणखी सत्तर वर्षं लागली. विचारणारे साहेब नव्हते. बायांनी तो स्वतःलाच विचारला.

ही दुसरी गोष्ट मुंबईची, भायखळ्याच्या फुटपाथची.

भायखळा, नागपाडा या भागातल्या फुटपाथांवर तेव्हा हजारो कुटुंबं राहत होती. बांबू, फळकूट, प्लास्टिक, गोणपाट लावून केलेली झोपडी, पाठीला कुणाच्या तरी कंपाउंडची भिंत आणि उंबऱ्याला लागून रस्ता. माणसं कुठली? देशाच्या गरीब जिल्ह्यांतली, आपल्यासारख्याच खेड्यांतली. शेत पिकलं नाही, सावकार मागं लागला, म्हणून गाडीत बसली. कामाच्या जवळ राहणं त्यांना भाग होतं, कारण रोजच्या मजुरीत बसचं भाडं बसत नव्हतं.

1981 च्या जुलैत, भर पावसाळ्यात, सरकारने जाहीर केलं की फुटपाथवरची माणसं उठवायची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने तो खटला ओळखला जातो. 10 जुलै 1985 रोजी निकाल लागला. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्यात जन्मलेले. निकालात दोन गोष्टी होत्या. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, असं न्यायालयाने सांगितलं. हे फार मोठं वाक्य आहे, आजही वकील ते वापरतात. पण दुसरी गोष्ट अशी, की रीतसर नोटीस देऊन पालिका झोपड्या काढू शकते. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत तेवढी मुदत मिळाली.

विचार करा मैत्रिणींनो. डोक्यावर कोयता टांगलेला आहे, तारीख ठरलेली आहे. अशा वेळी काय करायचं?

त्या भागात 1984 पासून स्पार्क नावाची संस्था काम करत होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केलेली. फुटपाथवरच्या बायांना बरोबर घेऊन त्यांनी आधी मोजणी केली. सुमारे 6000 कुटुंबांची माहिती लिहून काढली. कुठून आले, कधी आले, काय काम करतात, किती कमावतात. 1985 साली ती छापली. सरकारच्या कागदावर नसलेली माणसं पहिल्यांदा कागदावर आली. त्यानंतर बायांची संघटना उभी राहिली, तिचं नाव महिला मिलन. तिसरी साथ मिळाली झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघाची. त्याचे नेते जॉकिन अर्पुथम. मानखुर्दजवळची त्यांची जनता कॉलनी 1976 साली, आणीबाणीत, पाडली गेली होती. घर तुटणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

महिला मिलनच्या बाया रोज थोडे थोडे पैसे बचतीला टाकायच्या. रोज जमेल तेवढेच, एक रुपया, दोन रुपये. आपण बचत गटवाल्या, आपल्याला यातली ताकद कळते. पैसे जमतात ही एक गोष्ट. पण पैसे गोळा करायला रोज दारोदार गेलं की कुणाचा नवरा आजारी, कुणाकडे आज चूल पेटली नाही, हे रोज कळतं. संघटना तिथून उभी राहते.

मग प्रश्न आला, पैसे कशासाठी साठवायचे? घरासाठी. पण कसलं घर?

ज्या बाईचा जन्म फुटपाथवर गेला तिला घराचा आकार कसा सांगता येणार? म्हणून या बाया आधी हिंडल्या. सरकारी गृहनिर्माणाची घरं बघून आल्या. शहरात मोकळी जागा कुठे कुठे पडली आहे तेही बघून आल्या, कारण जागाच नाही असं त्यांना वारंवार सांगितलं जात होतं. मग परत येऊन बसल्या आणि मनातलं घर बोलायला लागल्या. पहिल्यांदा प्रत्येकीचं घर मोठं होतं, अगदी सिनेमातलं. त्यात काही गैर नाही. स्वप्न बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्यानंतर पुठ्ठ्याची छोटी घरं झाली. आणि मग आलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल, खऱ्या मापाचं घर. बांबू आणि लाकडाचा सांगाडा उभा केला, भिंतींच्या जागी कापड लावलं. माप घ्यायला फूटपट्टी वाचता येत नव्हती, तर साडी होती. पाचवारी साडी म्हणजे पंधरा फूट. वीत, हात, पाऊल, साडी ही बायांची मापं. जन्मभर त्यांनी यानेच मापलं.

कापडाच्या घरात शिरल्यावर काय झालं असेल, ते तुम्ही डोळ्यांपुढे आणा. कागदावर चौकोन काढला की तो चौकोनच राहतो. खऱ्या मापात उभं राहिलं की शरीर बोलायला लागतं. इथं मी चूल मांडली तर धूर कुठं जाईल? सासू इथं झोपली तर रात्री बाहेर जाताना तिच्यावर पाय पडेल का? हंडा ठेवायला जागा कुठं? पोरगी मोठी झाली, ती कपडे कुठं बदलेल? हे प्रश्न इंजिनियरच्या मनात येत नाहीत, कारण तो त्या खोलीत सहा माणसांत राहिलेला नसतो.

त्यातून एक शहाणपणाची कल्पना निघाली. जमीन महाग आहे, ती वाढवता येणार नाही. मग घर उंच करू. नेहमीपेक्षा उंच, 14 फुटांची खोली आणि निम्म्या भागावर पोटमाळा. वर मुलं झोपतील, अभ्यास करतील, खाली स्वयंपाक आणि बैठक. आपल्या जुन्या घरांत माळा असतोच की! धान्य, कांदे, गोवऱ्या ठेवायला. गावातून बरोबर आलेली आठवण शहरातल्या घराच्या कामी आली. पोटमाळ्यासाठी लागणाऱ्या लाद्या ओतायलाही या बाया शिकल्या.

प्रत्येक टप्प्यावर हिशेब होता. खिडकी वाढली की खर्च वाढतो. ही भिंत काढली की किती वाचतात? महिन्याला आपल्याला किती हप्ता झेपेल? मनातलं घर हळूहळू परवडणाऱ्या घराच्या मापात आलं. कुणी बाहेरच्याने कापलं नाही. ज्यांना राहायचं होतं त्यांनीच विचार करून, भांडून, कापलं. म्हणून ते त्यांचं राहिलं.

1986-87 च्या सुमारास या घरांचं प्रदर्शन भरलं. शहरात पैसेवाल्यांसाठी फ्लॅटची प्रदर्शनं भरतात, तशीच रीत गरिबांनी उचलली. वस्त्यावस्त्यांतली माणसं बघायला आली, आणि अधिकाऱ्यांनाही बोलावलं. एरवी बाई अर्ज घेऊन साहेबाच्या टेबलासमोर उभी राहते. इथं साहेब बाईच्या घरात आला होता आणि बाई त्याला दाखवत होती, हे असं का केलं, याला किती लागतील. उलटं झालं सगळं. मला वाटतं, त्या कापडाच्या घराने भिंतींच्या आधी ही एक गोष्ट बांधली.

घरानंतर आला संडास. हसू नका. त्याचीही खऱ्या मापाची प्रतिकृती करून लोक जत्रेला जमावेत तसे जमले, संडास मेळा भरला. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात मोठी माणसं रांगेत लहान मुलांना मागं ढकलतात, आत अंधार असतो, भोक मोठं असतं, पोरांना भीती वाटते. म्हणून पोरं गटारावर बसतात. हे आईला माहीत असतं. मग बायांनी लहान मुलांसाठी वेगळी, उघडी, छोट्या मापाची बैठक केली. बाया आणि पुरुषांना वेगवेगळी वाट केली, पाण्याची टाकी केली, राखणदाराच्या कुटुंबाला राहायला वर खोली केली. 1999 पासून दोनेक वर्षांत पुण्यात महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात संस्था आणि वस्त्यांना बरोबर घेऊन 400 हून अधिक शौचालयं उभी राहिली. त्यांतली बरीच या स्पार्क आणि महिला मिलनने बांधली. कित्येक ठिकाणी बायांनीच कंत्राट घेतलं.

ही रीत समुद्रापलीकडेही गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडवस्तीतल्या बाया मुंबईला आल्या, मुंबईच्या तिकडे गेल्या. तिथेही बचत सुरू झाली आणि खऱ्या मापाची घरं उभी राहिली. सरकारच्या जेवढ्या अनुदानात कंत्राटदार लहान घर देत होता, तेवढ्यात त्यांनी मोठं घर बांधून दाखवलं. 1996 साली अशा देशोदेशीच्या संघटनांचा एक आंतरराष्ट्रीय संघ झाला. 2000 साली जॉकिन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि जून 2001 मध्ये न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य इमारतीच्या दालनात, या लोकांनी खऱ्या मापाचं घर आणि मुलांचं शौचालय उभं केलं. महासचिव कोफी अन्नान यांनी ते हिंडून बघितलं, आणि भोवती भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या बाया गाणी म्हणत नाचत होत्या.

पण गोड गोड सांगून मी थांबणार नाही. प्रतिकृती म्हणजे सातबारा नव्हे. प्रदर्शन झालं, कौतुक झालं, म्हणून लगेच जमीन मिळाली नाही. बाया फुटपाथवरच राहिल्या. गाड्या येत राहिल्या, झोपड्या तुटत राहिल्या, पुन्हा उभ्या होत राहिल्या. 1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांना पहिल्यांदा घराचे हक्कदार धरलं गेलं. तेव्हा घराचं माप ठरलं 225 चौरस फूट. साडीने सांगायचं तर चारही बाजूंना एकेक पाचवारी. आणि भायखळ्याच्या फुटपाथवरची कुटुंबं मानखुर्दच्या मिलन नगरमध्ये इमारतीतल्या घरांत राहायला गेली ती त्याच्याही पुढे, 2000 नंतरच्या दशकात. जिने ती कापडाची भिंत धरली होती ती तरुण बाई तोवर आजी झाली असेल. काही जणी तर चावी हातात यायच्या आधीच गेल्या असतील. शिवाय भायखळा कुठं आणि मानखुर्द कुठं! घर मिळालं, पण धुणीभांड्याचं काम लांब पडलं. घर कसं असावं ते बायांनी ठरवलं, पण जमीन कुठली द्यायची ते अजून दुसरंच कुणीतरी ठरवत होतं.

मग वीस वर्षं त्या कापडाच्या घराने काय केलं? माझं उत्तर असं. त्याने मागणीला आकार दिला. आम्हाला घर द्या म्हणणं वेगळं. आम्हाला असं, एवढं, एवढ्या खर्चाचं घर पाहिजे, आम्ही एवढा हप्ता देऊ आणि हे बघा, मोजून ठेवलंय, हे म्हणणं वेगळं. पहिल्या बाईला साहेब ‘बघू’ म्हणतो. दुसरीला बघू म्हणून वाटेला लावता येत नाही.

आता आपल्याकडे या. 2014-15 च्या सुमारास महाराष्ट्रात कितीतरी तालुक्यांच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या. काल जिथं ग्रामपंचायत होती तिथं आज विकास आराखडा येतो. रंगीत नकाशा भिंतीवर लागतो, हरकती घ्यायला मुदत असते, आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळतं की आपल्या जनावरांच्या वाटेवरून रस्ता गेलाय किंवा आठवडे बाजार लांब नेलाय. जिथं ग्रामपंचायतच आहे, तिथं गावाचा विकास आराखडा दरवर्षी होतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ते आपल्याला माहीत आहे. आणि तिथं बहुतेक वेळा रजिस्टरवर सही करून आपण घरी येतो, हेही आपल्याला माहीत आहे.

गावात नकाशाची रीत नवी नाही. पाणलोटाच्या कामात शिवारफेरी काढून, रांगोळीने जमिनीवर गाव काढलेलं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी बघितलं असेल. तेच पुढे न्यायचं. पुढच्या महिला सभेच्या आधी एका दुपारी समाजमंदिरासमोर जमा. काड्यापेट्यांची घरं, सुतळीचे रस्ते, शेणाचे गोळे म्हणजे उकिरडे, बांगड्या म्हणजे विहिरी. आधी आज आहे तसं गाव मांडा. मग एकेक वस्तू हलवा. हापसा इथं असता तर? अंगणवाडी रस्त्याच्या अलीकडे असती तर? वस्तीच्या कडेच्या बायांना, जिला कुणी बोलावत नाही तिला, पहिल्यांदा हात लावू द्या. ती काय हलवते ते बघा. गाव तिथं अडकलेलं असतं.

आणि जे खरंच बांधायचं असेल, शौचालय असो, गटाची डाळ मिल असो की बाजाराचा ओटा, ते मैदानात फक्की टाकून खऱ्या मापात आखा. डोक्यावर हंडा घेऊन चालून बघा. म्हातारीला बसवून बघा, कडेवर पोर घेऊन वळून बघा. मग खर्च मांडा. ते सगळं कागदावर उतरवा, मोबाईलमध्ये फोटो काढा, आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना, सरपंचांना तिथं, त्या फक्कीच्या रेघांत उभं करून सांगा. ठराव तिथून मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिल्याशिवाय उठू नका.

इंदूरला मिरवणूक लोकांच्या दारावरून गेली, लोकांनी हात जोडून बघितली. भायखळ्याला बायांनी स्वतःच्या साडीने घर मोजलं. दोन्ही ठिकाणी उद्याचं शहर होतं, पण माप कुणाच्या हातात होतं, यात सगळा फरक आहे. मोजायला साडी आपल्या प्रत्येकीकडे आहे.